खर्चाच्या रकान्यातली आई

थंडीच्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या शाळांतून बाल आनंद मेळावे भरतात. कुठे त्याला आनंद बाजार म्हणतात, कुठे बालबाजार. स्काउट-गाइडच्या पथकांत याच धर्तीचा उपक्रम ‘खरी कमाई’ या नावाने चालतो. त्या दिवशी दप्तरे घरी राहतात, पटांगणात चुन्याच्या रेघा मारून गाळे आखले जातात आणि एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोरेही ‘या ताई, घ्या काका’ म्हणून हाळी देऊ लागतात.

काशीदसारख्या समुद्रकाठच्या गावातली मुले अशा बाजारात उतरतात तेव्हा त्यांना विक्री शिकवावी लागत नाही. अलिबाग-मुरूड रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग ती लहानपणापासून पाहत असतात. सुरूच्या झाडांखाली शहाळी कशी सोलून देतात, गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की कुठे थांबायचे, सुट्टे नसले तर काय करायचे, हे सगळे त्यांनी बघूनच उचललेले असते. धंद्याची उमज त्यांच्या अंगात आहे. तरीही मला वाटते, या बाजारात त्यांना एक गोष्ट मुद्दाम शिकवायला हवी, आणि ती आपण मोठी माणसेच बहुधा विसरतो.

सहावीतल्या एका मुलीचा कोकम सरबताचा गाळा डोळ्यांसमोर आणा. पुठ्ठ्यावर स्केचपेनने भाव लिहिलेला, ‘एक पेला 15 रुपये’. गल्ला म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा. पहिली भवानी बाईंच्या हातून झाली, ती नोट तिने डोळ्यांना लावून डब्यात टाकली. दुपारपर्यंत 40 पेले खपले. मग वहीत हिशेब मांडला. जमा 600. खर्चात कागदी पेले 60, बर्फ 40, पाण्याचा जार 50. म्हणजे नफा 450 रुपये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

या हिशेबात बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, पण कोकम कुठेच नाही. कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, ‘ते तर घरचंच आहे.’

ते कोकम मे महिन्यातले आहे. रातांबे पिकल्यावर आईने ते आणून धुतले, एकेक फोडून बिया काढल्या, सालांच्या वाट्यांत साखर भरली आणि बरणीचे तोंड फडक्याने बांधून ती उन्हात ठेवली. रोज बरणी हलवायची, मुंग्या लागू द्यायच्या नाहीत, वळिवाचे आभाळ भरून आले की धावत जाऊन ती आत घ्यायची. साखर पुरती विरघळल्यावर रस गाळून बाटल्यांत भरायचा. जानेवारीतल्या 40 पेल्यांमागे ही मेमधली खटपट उभी आहे. साखर विकत आणलेली आहे, तिचे पैसे गेलेले आहेत, आणि आईचे दिवस गेलेले आहेत. यातले काहीच वहीत आलेले नाही. म्हणून 450 रुपयांतली बरीचशी रक्कम नफा नाहीच. ती आईची न दिलेली मजुरी आहे.

हा हिशेब मुलीने पुन्हा मांडावा. तिने आईजवळ बसून विचारावे, किती रातांबे होते, साखर किती लागली, किती वेळ गेला. शेतावर किंवा वाडीत एका दिवसाची मजुरी काय मिळते ते विचारावे आणि सरबताच्या वाट्याला येईल तेवढी रक्कम खर्चात लिहावी. कदाचित नफा निम्म्यावर येईल, कदाचित तोटा दिसेल. दिसू दे. 15 रुपयांचा भाव कमी होता, हे तिला तेव्हाच कळेल. भाव वाढवायचा, की कच्चा माल स्वस्त मिळवायचा, की हा धंदा सोडून दुसरे काही विकायचे, हा विचार तिथूनच सुरू होतो. धंदा कळतो तो खर्चाच्या बाजूने.

याच किनाऱ्यावर हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. कोळीवाड्यात नाखवा दर्यावर जातो आणि म्हावरे विकायचा कारभार बायकांच्या हाती असतो. पाटी-पेन्सिल न धरलेली कोळीण वाटा लावताना डिझेल, बर्फ, खलाशाचा हिस्सा असे सगळे मनात धरूनच भाव सांगते. तिच्याकडून आपल्या शाळांनी एक तास उसना घ्यायला हवा. आणि ज्या घरांवर आता ‘घरगुती जेवण, राहण्याची सोय’ अशा पाट्या लागल्या आहेत, त्या घरांतल्या भाकऱ्या कोण थापते आणि त्याचे तिला काय मिळते, हा प्रश्नही त्याच तासाला विचारता येईल.

खर्चाची अशीच न मांडलेली बाजू इतिहासातही सापडते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. श्रम करून शिकावे, कुणाच्या दयेवर शिकू नये, हा त्यांचा आग्रह होता. कमवा आणि शिका हा मंत्र महाराष्ट्राने त्यांच्याकडून घेतला. पण त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. स्वावलंबनाच्या त्या थोर प्रयोगाचे भांडवल एका बाईच्या गळ्यातून आले होते. मुलांना भाऊरावांची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंचा आकडाही सांगावा, तरच हिशेब पुरा होतो.

एक भान मात्र ठेवावे. बाजार हा धडा आहे, मुलांच्या कमाईवर घर चालवायचा मार्ग नव्हे. बालकामगारांविषयीचा 1986 चा कायदा 2016 मध्ये दुरुस्त झाला आणि 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई झाली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा आहे, तीही शिक्षणाला धक्का लागत नसेल तर. रविवारी आईच्या टपरीवर पेले विसळणे वेगळे आणि शाळा बुडवून पर्यटकांच्या गाड्यांमागे धावणे वेगळे. ही रेघ पालकांनी, शिक्षकांनी आणि किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांनीही पाळली पाहिजे.

तुमच्या गावच्या शाळेत असा बाजार भरेल तेव्हा जरूर जा. कौतुकापोटी 15 च्या जागी 50 देऊ नका, त्याने मुलाचा हिशेब बिघडतो. ठरलेला भाव द्या, माल चाखा, बरा नसेल तर तसे सांगा. आणि जाता जाता एवढेच विचारा, ‘हे केलं कुणी? त्यांचे पैसे धरलेस का?’ आईवडिलांनो, संध्याकाळी मूल आपल्या कमाईतून तुमची मजुरी पुढे करील, तेव्हा ‘राहू दे रे, घरचंच आहे’ म्हणून ती परत करू नका. घ्या. तो तुमच्या श्रमाचा मान आहे, आणि दुसऱ्याच्या घामाचे दाम चुकवल्यावर उरते तीच आपली कमाई, हे त्याला आयुष्यभर पुरणार आहे.