भाड्याची गाडी आणि परकी वाट

परक्याची वस्तू आपल्या हाती आली असता तिची निगा स्वतःच्या वस्तूइतकी राखावी, तिच्याहून अधिक राखावी, की करारात लिहिले असेल तेवढीच राखावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. ज्यांचे आयुष्य स्वतःच्या वाड्यात आणि स्वतःच्या विहिरीच्या पाण्यावर गेले, त्यांना तो कदाचित सुचणारही नाही. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरांना मात्र तो रोज भेटतो. समता कॉलनीत आम्ही राहतो ते घर भाड्याचे. कचेरीतील मेज आणि कपाट सरकारचे. ज्या भाषेत भाजीचा भाव करतो ती शेजाऱ्यांची. काही वर्षांनी हे सारे दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघावयाचे असते. अशा माणसाने भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी क्षणभर थांबावे की नाही, यातच अर्धे नीतिशास्त्र आले, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला धार आली ती एका गाडीमुळे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघा सहकाऱ्यांनी रायपुरात चारही चाकांना गती देणारी एक जीपवजा गाडी दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि धमतरी, कांकेरवरून केशकाळचा बारा वळणांचा घाट चढून पलीकडच्या डोंगरांतील मुरमाच्या रस्त्यांवर ती हाकली. (रजा-प्रवास सवलतीच्या नियमांत असली सहल बसत नाही, हे वाचकांना सांगावयास नकोच, खर्च वर्गणीचा होता.) मुरूम हा शब्द छत्तीसगडीतही आपल्यासारखाच आहे, खडीला मात्र इकडे गिट्टी म्हणतात. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. त्यामुळे गाडी आपली नव्हे, हे रस्त्यावरील पोरासोरांनाही कळते.

आमच्यातील एका स्नेह्याचे मत पहिल्या तासाभरातच ठरून गेले होते. ‘भाडे दिले, अनामत दिली. काही मोडले तर तो कापून घेईल. मग जपून हाकण्याचे कारण काय?’ हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ या म्हणीत दुसऱ्याच्या मालावर उदार होणाऱ्याची थट्टा आहे. पण येथे तुळशीपत्राचीही किंमत आगाऊ मोजून दिलेली. नुकसानीची किंमत ठरली की नुकसान हा अपराध उरत नाही, तो व्यवहार होतो. हैफा शहरातील दहा पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा ठिकाणी दंड बसविला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. पूर्वी पालकांना ताटकळलेल्या बाईंची भीड वाटत असे. दंड आल्यावर ती भीडही पैसे देऊन चुकती करता येऊ लागली. दंड पुढे मागे घेतला, तरी गेलेली भीड परत आली नाही. आमच्या स्नेह्याची अनामत हे त्याच जातीचे साधन आहे.

कायदा याहून शहाणा आहे, असे आम्ही कचेरीतल्या सवयीने म्हणतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 151 वे कलम सांगते की, सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताब्यात आलेल्या परक्या वस्तूची घेतली पाहिजे. 154 व्या कलमाखालचे उदाहरण तर आमच्या सहलीसाठीच रचले असावे. एकाने कलकत्त्यात बनारसला जाण्यासाठी म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि तो कटकला नेला. घोडा जपूनच हाकला होता, पण तो अपघाताने पडून जखमी झाला. तरी भरपाई घेणाऱ्यानेच द्यावयाची. आज भाड्याच्या गाड्यांच्या अनेक करारपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊ नये. जाहिरातीत मात्र तीच गाडी धुळीचा लोट उडवीत डोंगर चढताना दिसते. चित्रात कटक आणि कागदावर बनारस! आम्ही निघण्यापूर्वी मालकाला वाट सांगितली आणि ती करारावर लिहून घेतली. त्याला ते विचित्र वाटले. कारकुनाला विचित्र वाटण्यासारखे त्यात काही नव्हते.

तथापि 151 व्या कलमाचे माप आम्हांस पुरेसे वाटत नाही. ते ‘स्वतःची वस्तू’ हे आदर्श निगेचे माप धरते; जणू मालकीतून काळजी आपोआप उगवते. अनुभव तसा नाही. माणूस स्वतःची सायकल तेलावाचून कुरकुरत ठेवतो आणि शेजाऱ्याकडून आणलेली पुसून परत करतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात मागून आणलेल्या व भाड्याने घेतलेल्या वस्तूंचा विचार केला आहे. त्याचा नियम असा की, वस्तू जशी घेतली तशीच परत करावी, आणि संकटामुळे नासली तर दोष नाही. येथे माप माणसाच्या शहाणपणाचे नाही, वस्तूच्या अवस्थेचे आहे. आम्हांस हे माप अधिक सरळ वाटते. परंतु वस्तूची अवस्था पाहावयाची कोणी, आणि किती खोल? गाडी घेताना आणि देताना मालक चारही बाजूंनी छायाचित्रे घेतो. ओरखडा त्यांत उमटतो. झीज उमटत नाही.

खरी गोम या झिजेत आहे. अशा बहुतेक गाड्यांत चारही चाके एकत्र जोडण्याची एक दांडी किंवा कळ असते. मुरमावर किंवा चिखलात ती उपयोगी. चाके थोडी घसरतात आणि यंत्रावरचा ताण निघून जातो. तीच जोडणी कोरड्या डांबरावर ठेवून गाडी वळविली, तर पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणात लागणारा वेगळा वेग मिळत नाही, आणि तो ताण आतल्या दंतचक्रांवर पडतो. उतारावर खालचा गिअर न लावता एकसारखा ब्रेक दाबून गेले, तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. यांतले काहीही छायाचित्रात दिसत नाही. घाट उतरून आल्यावर गाडी धुतली की झाले. अनामतही परत मिळते.

मग हे नुकसान कोणाचे? मालकाचे, असे पटकन म्हणता येईल. पण त्याआधी ते त्या माणसाचे, जो आमच्यानंतर तीच गाडी घेऊन दुसरा एखादा घाट उतरणार आहे. स्पितीच्या वाटेवर ग्रांफूपासून कुंझुम खिंडीकडे जाणारा दगडगोट्यांचा रस्ता कच्चा असताना ज्यांनी पार केला, ते सांगतात की तेथे दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचे पाणी चढते. अशा नाल्याच्या मध्यभागी क्लच गेला, तर त्या प्रवाशाला मागच्या भाडेकऱ्याचे नाव कोठून कळणार? भाड्याच्या गाडीचा करार दोघांत होतो, पण त्याचा भार तिसरा वाहतो. तो तिसरा सही करावयास हजर नसतो. आपल्या कचेऱ्यांतही हाच प्रकार असतो. बदली झालेला मनुष्य कार्यभार सोपविताना यादी करतो, कपाटाच्या किल्ल्या मोजतो आणि ‘काही येणे नाही’ असा दाखला घेऊन निघतो. अर्धवट उत्तर दिलेली नस्ती मात्र त्या यादीत नसते. ती सहा महिन्यांनी नव्या माणसाच्या हातात फुटते.

रस्त्याविषयीही तसेच. मुरमाचा रस्ता ओला असताना जड गाडी जोराने घातली की खोल चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळून दगडासारख्या घट्ट होतात. आम्ही दोन दिवसांत निघून जातो. आठवडी बाजाराला सायकलवर लाकूड किंवा मोहाची टोपली घेऊन जाणारा माणूस महिनोन्‌महिने त्या चाकोरीत धडपडतो. कच्च्या रस्त्यावर ज्या आडव्या लाटा उठतात, त्याही वेगाने जाणाऱ्या चाकांनीच घडविलेल्या असतात. चार चाकांच्या बळाची एक मेख आहे. ज्या ठिकाणी साधी गाडी अडते आणि शहाणा माणूस मागे वळतो, तेथे ही गाडी पुढे जाते. म्हणून अडलीच तर अधिक दूर आणि अधिक वाईट जागी अडते. सामर्थ्याने धोका कमी होत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियम आपल्याकडे 1989 पासून लिखित आहे; पण डोक्यावर भारा घेऊन चढणाऱ्या बाईसाठी धूळ न उडविता थांबावे, हे कोणत्याही कलमात नाही. आमचा स्नेही, ज्याचे मत आधी सांगितले, तो अशा ठिकाणी प्रत्येक वेळी थांबला. माणसाचे मत आणि त्याचा पाय यांत असे अंतर असते, आणि ते आम्हांस आशादायक वाटते.

या प्रदेशात उपरेपणाचे दुसरे उदाहरणही आहे. पं. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक चालविले, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. जन्माने न मिळालेली भाषा त्यांनी जी जपली, ती कोणत्या कराराने? तेथे अनामत नव्हती आणि परत करण्याची तारीखही नव्हती. आम्ही शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जातो, आपली भाषा ऐकून सुखावतो, आणि बाहेर आल्यावर रायपूरविषयी पाहुण्यासारखे बोलू लागतो. ‘येथे किती दिवस राहावयाचे आहे?’ हे वाक्य आमच्या स्नेह्याच्या अनामतीहून फार वेगळे नाही.

परतताना कांकेरच्या अलीकडे गाडीच्या पुढच्या भागातून वळणावर टक्‌टक्‌ असा आवाज येऊ लागला. आमच्या हाकण्याने आला की आधीचाच दबलेला वर आला, हे ठरविणे शक्य नव्हते. मालकाला सांगावे की न सांगावे, यावर धमतरीपर्यंत वाद झाला. सांगितले तर अनामत अडकणार, हे उघड होते. आम्ही सांगितले. त्याने चाक हलवून पाहिले, दोन हजार रुपये कापले आणि आवाज किरकोळ आहे, असे म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुरुस्तीला जाणार का, असे विचारता समजले की ती पहाटेच एका कुटुंबाबरोबर जगदलपूरला जावयाची होती.

स्नेही म्हणाला, ‘आता आपले काम संपले. 150 व्या कलमाप्रमाणे भाड्याने देणाऱ्याला दोष माहीत नसला तरी तो जबाबदार; येथे तर तो माहीत झाला.’ कलम त्याने बरोबर सांगितले होते. परंतु कलम अपघातानंतर उपयोगी पडते. आम्ही परतीच्या पावतीवर आवाजाचे वर्णन, तो कोठे सुरू झाला ते ठिकाण आणि वेळ लिहिली, मालकाची सही घेतली, आणि ही पावती पुढच्या मंडळींना दाखवावी, अशी विनंती केली. तो हसून हो म्हणाला. तरीही पहाटे पाच वाजता आमच्यापैकी दोघे स्कूटरवरून त्याच्या अड्ड्यावर गेले. कुटुंब सामान चढवीत होते. त्यातल्या गृहस्थांनी पावती वाचली, पत्नीशी काही बोलले आणि दुसरी गाडी मागितली. मालक आमच्याशी त्यानंतर बोललेला नाही. पावतीची नक्कल आमच्याजवळ आहे.