अंदाजामागचे रँडम आकडे

यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे जूनमध्ये एकच प्रश्न असतो: पहिल्या पावसावर सरकी टोबावी की थांबावं? मध्ये खंड पडला की दुबार पेरणी बोकांडी बसते. त्यामुळे दोन ते चार आठवड्यांचा अंदाज त्याच्या फार कामाचा. असा अंदाज काढायची पद्धत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बसवली.

तिथे मॉडेल एकदाच चालवत नाहीत. हवेच्या सुरुवातीच्या स्थितीत जागोजागी रँडम आकड्यांनी किंचित फेरफार करून ते अनेकदा चालवतात. हे आकडे एका सीडपासून, म्हणजे सुरुवातीच्या आकड्यापासून, ठरावीक गणिताने निघतात. तोच सीड दिला की तीच मालिका परत मिळते, आणि विज्ञानाला तेच हवं असतं.

पण यंत्र बदललं तर?

संस्थेत आधी ‘पृथ्वी’ हा सुपरकॉम्प्युटर होता, आयबीएमच्या पॉवर-6 प्रोसेसरवर चालणारा. 2013 मध्ये इंटेलवरचा ‘आदित्य’ आला, 2018 मध्ये ‘प्रत्यूष’, 2024 मध्ये ‘अर्का’. पॉवर-6 गुणाकार आणि बेरीज एका दमात करून राउंडिंग एकदाच करायचा. ‘आदित्य’च्या सँडी ब्रिज प्रोसेसरला ती सोय नव्हती. फरक पडतो शेवटच्या अंकात, पण हवामानाच्या मॉडेलमध्ये तो काही दिवसांत फोफावतो. दोघांचा बाइट साठवण्याचा क्रमही उलटा असल्याने सीडची फाइल तशीच उचलून नेली तर सीडच बदलतो. त्यात फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या मानकाने रँडम आकडे कोणत्या सूत्राने काढावेत हे ठरवूनच दिलेलं नाही. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर बदलला की मालिका दुसरी.

यावरचा उपाय जुना आहे. स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी 1988 मध्ये आग्रहाने मांडलेलं सूत्र असं: आधीच्या आकड्याला 16807 ने गुणा, 2147483647 ने भागा, बाकी घ्या. गुणाकार 32 बिटांत मावत नाही. तो तुकड्यांत करायची युक्ती लायनस श्रागे यांनी 1979 मध्येच दिली होती. 1 पासून निघालं की दहा हजार पावलांनंतर 1043618065 आलाच पाहिजे. प्रोसेसर कोणताही असो, दुसरा आकडा आला तर प्रोग्राम चुकला. आजच्या कामाला ही मालिका तोकडी आहे, सुमारे 214 कोटी आकड्यांनंतर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते; पण अशी कसोटी रँडम आकडे काढणाऱ्या प्रत्येक नव्या जनरेटरला लावायला हवी.

नव्या यंत्रावर जुन्या मोसमाचा अंदाज वेगळा निघाला, तर मॉडेल सुधारलं की नुसते आकडे बदलले, हे शास्त्रज्ञाला सांगता यायला हवं. त्यासाठी जनरेटर मॉडेलच्या आतच लिहिलेला हवा, आणि प्रत्येक अंदाजासोबत सीड व कंपायलरची आवृत्ती नोंदलेली हवी.