हजेरीपट

लालबागच्या एका चाळीतल्या मंडळाने गणपतीच्या स्मरणिकेत गिरणी संपावर चार पानं द्यायचं ठरवलं आणि वाद पेटला. कुणी म्हणे संपाचे नेते दत्ता सामंत यांनी कामगार बुडवला, कुणी म्हणे मालकांचा डोळा आधीपासूनच जमिनीवर होता. शेवटी काम मास्तरांवर सोपवलं. मास्तर गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहीत असत.

"मी ना ह्या बाजूचा, ना त्या," ते म्हणाले. "पटावर आहे तेवढंच देईन. मत एकही नाही."

मास्तर खोटं बोलणारे नव्हते, हे आधी सांगायला हवं. त्यांनी वळणदार अक्षरात तक्ता केला. 18 जानेवारी 1982, संप सुरू. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मग आपल्या गिरणीतली खातेवार नावं, आणि प्रत्येक नावापुढे 'गैरहजर'.

तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या मावशी ऐकत होत्या. "मास्तर, माझ्याकडे जेवणारे बदलीवाले यात कुठं आहेत?"

"बदल्यांचं पुस्तक वेगळं असायचं."

"मग ते का नाही धरलं?"

मास्तर थबकले. कायम कामगाराच्या जागी तात्पुरत्या लागणाऱ्या या बदल्यांना वगळा, असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. कामगार म्हणजे कायम पटावरचा, हे कागद समोर घेण्याआधीच ठरून गेलं होतं.

"आणि गैरहजर का?" मावशी थांबल्या नाहीत. "दांडी मारलेला आणि संपावर गेलेला, दोघांना एकच शब्द?"

"पटात रकाने दोनच."

ते रकाने मास्तरांनी आखले नव्हते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त संघटना एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे गेले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी संघच राहिला आणि संप बेकायदा ठरला. ही मोठी बाजू मास्तरांच्या एका शब्दात बसली होती. त्यांनी ती घेतली नव्हती, पण पेन त्यांचं होतं.

मावशींनी आपली वही आणली. लाल पुठ्ठा, तेलाने पारदर्शक झालेले कोपरे. नावापुढे प्रत्येक जेवणाची एक उभी रेघ, पैसे आले की त्यावर आडवी. जानेवारीपासून उभ्या रेघा चालूच, आडवी क्वचित. "ही खरी नोंद," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पानं उलटली. "हे पाच जण मार्चनंतर नाहीत. कुठे गेले?"

"गावाला."

"तिथे त्यांनी काय खाल्लं, वहीत नाही. आणि माझ्या बायकोने पोत मोडून घर चालवलं, ते तुमच्याही वहीत नाही, माझ्याही पटात नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. मग खाली बसल्या.

संप कधी संपला, हा तक्त्याचा शेवटचा रकाना भरताना पुन्हा अडलं. मास्तरांनी गिरणीचा भोंगा परत वाजला ती तारीख टाकली होती. संप मागे घेतल्याची घोषणा तर कधी झालीच नाही. मावशींच्या हिशेबात उधारी अजून फिटलेली नव्हती.

स्मरणिकेत दोन्ही नोंदी छापल्या. तक्त्याच्या वर मास्तरांनी स्वतः लिहिलं: 'कायम पटावर नाव असेल तोच कामगार, आणि कामावर न येणारा तो गैरहजर, असं धरून हे आकडे घेतले आहेत.' मावशींनीही आपल्या वहीवर तसंच वाक्य लिहवून घेतलं. तिसरं पान मास्तरांच्या पत्नीने मागून घेतलं.