ऐकणारं माणूस

नाही म्हण, तिथून निघून जा, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. नकोसा स्पर्श झाला तर काय करायचं, हे शाळेत मुलांना हल्ली असं शिकवतात. चांगला धडा आहे. यातली पहिली दोन कामं मूल हिमतीने एकट्याने करेलही. तिसऱ्याला मात्र ऐकणारं माणूस लागतं, आणि त्याची तयारी कुठल्याच शाळेत करून घेत नाहीत.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसला होता, आणि त्यात मुलगेही मुलींच्या बरोबरीने होते. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नसेल? मूल मोठ्यांसारखं सविस्तर सांगत नाही. ते म्हणतं, "मला आज क्लासला नाही जायचं." किंवा, "ते दादा मला आवडत नाहीत." किंवा क्लासची वेळ झाली की त्याचं पोट दुखायला लागतं. आपली उत्तरं तयारच असतात. "नाटकं पुरे." "फी भरलीय." "मोठ्यांबद्दल असं बोलतात का?" तिथेच विषय मिटतो. दरवेळी काही भयंकर असतं असं नाही. पुष्कळदा नुसता गृहपाठ राहिलेला असतो. पण तेही विचारल्याशिवाय कळत नाही.

मुलांना बोलतं करणं किती नाजूक काम आहे, हे कायद्याला उमगलं आहे. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. त्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, तोही शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. कोर्टातही वकिलांनी थेट मुलाला प्रश्न विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. धाक दिसला की मूल गप्प होतं, म्हणून पोलिसांनाही खाकी उतरवायला लावणारा हा कायदा. घरात आपण मात्र आपला मोठेपणा क्षणभरही उतरवत नाही.

तो उतरवायची संधी रोज मिळते. पाहुणे आले, मूल आईच्या मागे लपलं, की आपण त्याला पुढे ओढतो, "काकांना पापी दे बघू!" त्याने मान हलवली तर चारचौघांत आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. त्याऐवजी "नमस्कार केला तरी चालेल" म्हणावं. काका समजून घेतील. घरात आपल्या नकाराला किंमत आहे हे मुलाला कळलं, तर बाहेर नाही म्हणताना त्याचा आवाज चाचरणार नाही. आंघोळ घालताना हात-पाय-नाक शिकवतो, तशीच गुप्तांगांची नावंही न लाजता सांगावीत. नाव ठाऊक असेल तर मुलाला नेमकं सांगता येतं. आणि "आईला सांगू नको हं" असं कुणीही म्हटलं, तरी ते आईला सांगायचंच, हा घरातला पक्का नियम असावा.

आणि कधी खरंच तसलं काही कानावर आलं तर? "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे ओठांवर येईल, ते गिळावं. "बरं केलंस सांगितलंस. तुझी काही चूक नाही," एवढं म्हणावं. तेच तेच खोदून विचारू नये, नातेवाइकांसमोर पुन्हा वदवून घेऊ नये. मग १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावं. असा गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घराण्याच्या अब्रूसाठी गप्प बसायची सवलत कायद्याने ठेवलेली नाही.

आज संध्याकाळी मूल कशालाही नको म्हणालं, तर ओरडण्याआधी एकदा "का रे?" विचारून पाहू. उत्तर क्षुल्लक निघालं तरी ते पुरतं ऐकून घेऊ. क्षुल्लक गोष्टी ऐकल्या जातात अशी खात्री झाली, तरच मोठी गोष्ट सांगायला ते आपल्याकडे येईल.