थंडी जाते, राग का राहतो?

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक १४.

मागच्या डिसेंबरात दादा आणि मी गाडीत गाद्या टाकून वरूडहून मेळघाटला निघालो. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून सहा महिने आमचं बोलणं बंद होतं. आईनेच हट्टाने पाठवलं. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोचलो. दिवसभर गाविलगड पायी फिरलो, गुगामल राष्ट्रीय उद्यानाकडचे सागाचे डोंगर पाहिले, पण मुकाट्याने.

रात्री गाडीत हुडहुडी भरली. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. दादाने स्वतःचं ब्लँकेट माझ्यावर टाकलं आणि पुटपुटला, "याले लहानपणापासून थंडी सोसत नाही."

भगवंत अर्जुनाला सांगतात, थंडी-ऊन, सुख-दुःख येतात आणि जातात. ते सोसायला शिक. थंडी तर सकाळच्या उन्हासोबत गेली. राग मात्र मीच रोज सरपण घालून पेटता ठेवला होता!

सकाळी चहाचा कप मी पुढे केला. "दादा, धुऱ्याचं घरी बसून बोलू." तो म्हणाला, "आधी चहा पी."

वाटणी अजून व्हायची आहे. बोलणं मात्र सुरू झालं.

तुमचंही कुणाशी बोलणं बंद आहे? आज एक फोन करा. जय हरी!