मीटर नसलेलं घर

कोकणातल्या एखाद्या डोंगरउतारावरचं, विजेच्या खांबापासून लांब असलेलं घर मे महिन्यात पाहावं. छपरावरची सौर पॅनेलं तळपत असतात, अंगणात आमसुलं वाळत घातलेली असतात, काचेच्या झाकणाच्या सूर्यपेटीत भात शिजत असतो. पाहुणे भारावतात आणि निघताना ‘आपणही असंच राहायला हवं’ असं एकमेकांना सांगतात. त्याच घरी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जाणारे पाहुणे थोडे. आठ दिवसांत सूर्य दिसलेला नसतो, संध्याकाळी सातलाच इन्व्हर्टर कुईकुई करू लागतो, बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर चढलेला असतो आणि चुलीतलं लाकूड पेटण्याआधी तासभर धुमसतं.

अशा घरांविषयी जे कौतुकानं लिहिलं जातं ते बहुतेक मे महिन्याचं असतं.

वीज कंपनीचा मीटर भिंतीवर नसला की मोजण्याचं काम घरातल्या माणसांवर येतं. या घरांचं खरं मोल तिथेच आहे. एक युनिट म्हणजे किती, हे शहरातल्या माणसाला बिलाच्या आकड्यापलीकडे ठाऊक नसतं. धडधाकट माणूस दिवसभर पायडल मारत बसला तर तो सरासरी ७५ वॉटच्या आसपास शक्ती टिकवून धरतो. आठ तासांचं झालं ०.६ युनिट. डायनामोतली आणि बॅटरीतली गळती वजा जाता हाती उरतं जेमतेम अर्धं युनिट. आता वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायची तर साधारण ०.४७ युनिट लागतं. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या घामातून एका माणसाची आंघोळ निघते, आणि तीही त्या घामामुळेच गरजेची झालेली. सायकल फिरवून घर उजळवण्याचे प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात शोभतात, घरात टिकत नाहीत, ते यामुळे.

तीच बादली किलोभर सुक्या लाकडावर तापते. छपरावर गुंडाळून ठेवलेल्या काळ्या पाइपात, ऊन असेल तर, फुकट तापते. उलट उजेड फार स्वस्त आहे. नऊ वॉटचे चार दिवे रोज पाच तास लावले तरी ०.१८ युनिट होतात, आणि शंभर वॉटचं एक पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ०.४ युनिटच्या आसपास वीज देतं. हे एकदा कागदावर मांडलं की घरातल्या वस्तूंची क्रमवारी आपोआप लागते. दिवे, मोबाइल, रेडिओ यांची काळजी नको. इस्त्री, गीझर, विजेची शेगडी यांचं नावही नको. मध्ये उरतो फ्रीज. किती पॅनेलं आणि किती बॅटऱ्या घ्यायच्या, हे बहुतेक घरांत तो एकटा ठरवतो.

फ्रीजला पर्याय म्हणून मातीची दुहेरी भांडी सुचवली जातात: दोन मडकी, मध्ये ओली वाळू, आत भाजी. विदर्भात एप्रिल-मेमध्ये ही युक्ती झकास चालते. कोकणात तीच मडकी भाजीला नुसती मातीचा वास देतात. पाणी उडून जाताना उष्णता घेतं, म्हणून माठ गार होतो; हवाच दमट असेल तर पाणी उडणार कुठे? घरगुती प्रयोगाला जिल्हा असतो. कुठल्याशा परदेशी पुस्तकातलं चित्र पाहून केलेली वस्तू रत्नागिरीत का फसली याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

बॅटरीचंही तसंच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. ती काही वर्षं टिकावी असं वाटत असेल तर त्यातलं निम्मंच वापरायचं. ही साठवण दोन-तीन रात्रींची. पावसाळा चार महिन्यांचा. कोकणातल्या जुन्या घरांना हा हिशोब पाठ होता. ‘आगोटीची बेगमी’ म्हणजे काय, तर उन्हाळ्यातलं ऊन पावसाळ्यासाठी साठवणं: पापड, सांडगे, आमसुलं, फणसपोळी, सुकी मासळी, पडवीत छपरापर्यंत रचलेली लाकडं. मेमध्ये वाळलेलं लाकूड ही त्या घराची ऋतूभर पुरणारी बॅटरी होती. जुलैत इन्व्हर्टर ओरडतो तेव्हा एक बॅटरी वाढवण्याचा मोह होतो. ती वाढवून घेऊन आणखी दोन रात्री मिळतात. मेमध्ये लाकडांवर पत्रा टाकला असता तर अख्खा श्रावण सुखात गेला असता.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे पुढे ठेवायला हवी. तारेविना जगणं हा काही नवा शोध नव्हे. दोन-तीन पिढ्यांमागे महाराष्ट्रातली बहुतेक खेडी तशीच जगत होती, आणि संधी मिळताच त्यांनी ते जगणं सुटकेच्या भावनेनं सोडलं. सुटका सर्वांत आधी कुणाची झाली? पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईची. गावात इंजिनवरची पिठाची गिरणी आली त्या दिवशी तिला दोन तासांची झोप मिळाली. पाण्याचंही तेच. हजार लिटर पाणी पंधरा मीटर वर चढवायला हिशोबानं ०.०४ युनिट पुरतं. पंपाची आणि पाइपातली तूट धरली तरी काही पैशांचं काम. तेच पाणी वीस-वीस लिटरनी डोक्यावर आणायचं तर पन्नास खेपा, आणि दर खेपेला पाण्यासोबत स्वतःचं शरीरही चढवायचं. घर विजेच्या तारेपासून सुटलं आणि त्या खेपा पुन्हा घरातल्या बाईकडे आल्या, तर त्या प्रयोगाला स्वावलंबन म्हणू नये.

ही कसोटी नवी नाही. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हाच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. नीट निगा राखली तर यंत्र वीस वर्षं चालायला हवं. वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. आणि बाईला त्यावर फार कष्ट न पडता सलग आठ तास काम करता यायला हवं. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. पण किंमत, आयुष्य, दुरुस्ती आणि चालवणारीचं शरीर या चारही गोष्टी एकाच कागदावर मांडणारी जाहिरात त्यानंतर क्वचितच निघाली असेल.

तळ्याकाठी घर बांधून राहिलेल्या अमेरिकन लेखक थोरोचंही उदाहरण दिलं जातं. दुर्गा भागवतांमुळे त्याचं ‘वॉल्डन’ मराठीत आलं आणि तळ्याकाठचं ते घर मराठी वाचकाच्या मनात कायमचं उभं राहिलं. त्या घराचा खर्च थोरोनं लिहून ठेवला आहे: २८ डॉलर साडेबारा सेंट. जमीन त्याच्या मित्राची, एमर्सनची होती आणि आईवडिलांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. त्यावरून त्याला ढोंगी ठरवणं सोपं आहे. मात्र खिळ्यांचा, चुन्याचा आणि शेंगांच्या शेतातल्या नफ्याचा हिशोब त्यानं छापला, म्हणूनच तर दोष काढणाऱ्यांनाही हिशोब तपासता आला.

महाराष्ट्रातलं अशा घरगुती प्रयोगांचं काम मात्र आपल्याच वाचकाला कमी ठाऊक असतं. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनं स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्यामागचं निरीक्षण साधं आहे. शेण म्हणजे गुरानं आधीच पचवलेलं अन्न. जिवाणूंना त्यात फारसं काही उरलेलं नसतं. त्यांना थेट पिष्ट आणि साखर दिली, तर कर्वे यांच्या मांडणीनुसार दोन किलो मालातून दिवसभरात जेवढा गॅस मिळतो, तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. या कामाला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी तोच पुरस्कार २००२ मध्ये मिळाला होता. (कर्वे हे लेखिका इरावती कर्वे यांचे चिरंजीव, फलटणच्या निंबकर संस्थेचे संस्थापक बनबिहारी निंबकर इरावतीबाईंचे जावई. ग्रामीण तंत्रज्ञानाचा बराच मोठा भाग एका घराच्या पंगतीत घडला म्हणायचा.)

पुरस्काराच्या बातमीत एक गोष्ट येत नाही. खरकट्याचं संयंत्र रुसतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा भात आणि पुरण एकदम आत लोटलं की ते आंबट होतं. आम्ल वाढतं, मिथेन करणारे जिवाणू माघार घेतात, गॅस येतो पण पेटत नाही. मग काही दिवस त्याला उपाशी ठेवायचं, थोडं शेण पाजायचं आणि वाट पाहायची. लहान मुलाच्या पोटाइतकीच त्याची काळजी घ्यावी लागते. हे कुणी आधी सांगितलं तर माणूस तयारीत असतो. कुणी सांगत नाही, म्हणून टाकी परसात उलटी पडते आणि पुढे तिच्यात पावसाचं पाणी साठतं.

फसलेल्या प्रयोगाचं काय करावं, याचा धडा देहूत सापडतो. डॉ. सुहास मापुस्कर १९५९ मध्ये तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. त्यांनी सुरुवातीला बांधवून घेतलेले संडास पावसात ढासळले आणि गावाचा विश्वासही ढासळला. मापुस्कर गाव सोडून गेले नाहीत. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी सोपा संडास आणि सोनखत यांवर आधीच डोकं चालवलं होतं. मापुस्करांनी तो धागा धरला आणि संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्रापर्यंत नेला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ढासळण्यापासून त्या सन्मानापर्यंत पन्नासहून अधिक वर्षं गेली, आणि त्यांतली बहुतेक वर्षं मैला, खड्डे आणि गळणारे सांधे यांतच गेली.

श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ याच दिशेनं आणखी पुढे गेला. दाभोळकर गणिताचे. पाच जणांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरावी, अशी त्यांची मांडणी होती. तिच्याबद्दल वाद घालता येतो, पण त्यांची रीत वादापलीकडची आहे. शेतकऱ्यानं पानाचं क्षेत्रफळ मोजावं, मुळांची वाढ उकरून पाहावी, पाणी तांब्यानं मोजून द्यावं आणि जे दिसलं ते दुसऱ्या शेतकऱ्याला कळवावं. ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक याच सवयीतून आलं. प्रयोग एकट्यानं करावा, पण निष्कर्ष एकट्यापाशी ठेवू नये, एवढं साधं शिस्तीचं सूत्र. आज पॅनेलं आणि बॅटऱ्या दाभोळकरांच्या काळापेक्षा कितीतरी स्वस्त झाल्या असताना नेमकी तीच शिस्त दिसत नाही.

या घरांवर एक आक्षेप नेहमी येतो: पॅनेलं कारखान्यातच होतात ना, आजारपणात गाडी तालुक्याच्या दवाखान्याकडेच धावते ना, मग स्वावलंबन कसलं? आक्षेप खरा आहे, पण फार लांब जात नाही. संपूर्ण स्वावलंबी घर जगात कुठेच नव्हतं. कोकणातल्या घरालाही मीठ आणि लोखंड बाहेरूनच येत होतं. ते घर बाहेरून काय घेतं आणि किती घेतं हे त्याला ठाऊक आहे का, एवढंच विचारण्यासारखं उरतं. ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडून शहरातल्या माणसालाही शिकता येतं, कारण गीझर आणि दिवा यांतलं अंतर फ्लॅटमध्येही तेवढंच असतं.

तेव्हा अशी घरं चालवणाऱ्यांना एक विनंती. दारामागे खिळ्याला एक वही टांगा. तीत पॅनेलाची वीज, संयंत्रात घातलेलं खरकटं, जळलेलं लाकूड आणि पाण्याच्या खेपा लिहा. खेपा कुणी घातल्या तेही लिहा. आणि कधी छापायला द्याल तेव्हा सुरुवात जुलैच्या पानांपासून करा.