विहार आणि पाहुण्याचा धर्म

गृहस्थाश्रमी मनुष्याला वर्षातून चार दिवस घर सोडून समुद्रकाठी जाऊन राहावेसे वाटले, तर त्यात अधर्म कोणता? वरवर पाहता काहीच नाही. गीता विहाराचा निषेध करीत नाही. सहाव्या अध्यायात योगाचा विचार करताना भगवंतांनी आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती ही सर्व एकाच पंक्तीत बसविली आहेत. ती टाकून द्यावी असे न सांगता ती प्रमाणात असावी, एवढेच सांगितले आहे. तेव्हा थकलेल्या संसारी माणसाने मुलाबाळांसह लाटांचा नाद ऐकत स्वस्थ बसावे, यात दोष नाही. तथापि प्रमाण या शब्दाचा अर्थ आपण फार लवकर आटोपता घेतो. किती दिवस राहिलो आणि किती खर्च केला, एवढ्यावर आपला हिशेब संपतो. आपल्या सुखाला जागा करून देण्यासाठी दुसऱ्या कोणाला किती सरकावे लागले, हा विचारही प्रमाणातच येतो. आणि तोच येथे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल केरळातील कोवळम घेऊ. तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरांवर, खडकाळ भूशिरांनी एकमेकींपासून अलग झालेल्या चंद्रकोरीसारख्या पुळणींचे हे गाव. त्याला लागूनच विळिंजम हे मच्छीमारांचे जुने बंदर आहे. नारळीची झाडे, वाळूवर ओढून ठेवलेल्या नावा आणि उन्हात पसरलेली जाळी, हेच कोवळमचे मूळ रूप होते. १९३० नंतरच्या दशकात त्रावणकोरच्या राजघराण्यासाठी तेथील टेकडीवर एक निवासस्थान उभे राहिले. १९७० च्या सुमारास परदेशी तरुण येऊ लागले, सरकारी हॉटेल झाले, आणि पुढे पुळणीच्या काठाने विश्रामगृहांची व उपाहारगृहांची रांगच लागली. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे तेथे जातात. मच्छीमार मात्र गेलेला नाही. कोकणात जिला रापण म्हणतात तशी किनाऱ्यावरून ओढावयाची लांब जाळी तेथे आजही लावतात. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा दोरखंड धरून ती हळूहळू वाळूवर आणतात. ज्या वाळूवर पाहुणा छत्रीखाली पहुडतो, तीच वाळू या माणसांचे खळे आणि अंगण आहे.

आता गीतेच्या तिसऱ्या अध्यायाकडे वळू. तेथे यज्ञचक्राचे वर्णन आहे. सृष्टी परस्परांच्या देण्याघेण्यावर चालते; जो घेतो आणि परत काही देत नाही, त्याला भगवंत आळशी किंवा विलासी म्हणत नाहीत, सरळ चोर म्हणतात. हा शब्द कठोर आहे आणि तो मुद्दामच योजिला आहे. चोराने घेतलेली वस्तू वाईट असतेच असे नाही. अन्न चोरीचे असले तरी पोट भरतेच. दोष वस्तूत नसून संबंधात आहे. म्हणून समुद्रकाठचा आनंद शुद्ध की अशुद्ध, हे समुद्रावरून ठरत नाही. त्या किनाऱ्याशी आपण कोणते नाते जोडले, यावरून ठरते.

यावर कोणी म्हणेल, "आम्ही खोलीचे भाडे दिले, जेवणाचे पैसे दिले; आता ऋण कसले?" हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पाहुण्यांमुळे गावात रोजगार येतो आणि मच्छीमारांच्या कित्येक घरांना त्याचा आधारही होतो. परंतु भाडे खोलीचे असते. वारा, वाळू आणि सूर्यास्त खोलीवाल्याच्या मालकीचे नव्हेत. ते ज्यांच्या नित्याच्या जगण्याचे भाग आहेत, त्यांच्या हाती आपल्या पैशातून काही पडेलच, याची खात्री कोण देणार? शिवाय सगळीच ऋणे नाण्यांनी फिटत नाहीत. आपल्या घरी पाहुणा आला, तर त्याने जेवणाचे मोल द्यावे अशी आपली अपेक्षा नसते. त्याने घराची रीत पाळावी, देवघरात पायताण घालून जाऊ नये, गृहिणीची सोय पाहावी, एवढेच आपण इच्छितो. यजमानाचे धर्म आपल्याला तोंडपाठ आहेत. प्रवासात आपणच पाहुणे होतो, आणि पाहुण्यालाही धर्म असतो, याचा मात्र विसर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. मासे मारणे ही हिंसा. मग गीताभक्ताने त्या व्यवसायाची कणव का करावी? शाकाहाराचे व्रत ज्याचे त्याने निष्ठेने पाळावे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या महाभारताच्या उदरात गीता आहे, त्याचे कर्ते व्यास हे सत्यवतीचे पुत्र. आणि सत्यवती कोळ्यांच्या प्रमुखाच्या घरी वाढली, यमुनेवर नाव वल्हवीत होती. त्याच ग्रंथाच्या वनपर्वात तपस्वी कौशिकाला धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या मांसविक्रेत्या व्याधाच्या दारी जावे लागले. व्यवसायावरून माणसाची योग्यता ठरविण्याची घाई आपल्या परंपरेने केलेली नाही. आपणही ती करू नये.

कोवळम-विळिंजमच्या परिसरातील मच्छीमार बहुतांशी ख्रिस्ती व मुसलमान आहेत. म्हणून आपले त्यांच्याशी काही देणे लागत नाही, असे ज्याला वाटेल त्याने दोन घटना ध्यानात घ्याव्यात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरून समुद्रावर गेलेले अनेक मच्छीमार परत आलेच नाहीत. त्यांच्या वस्त्या शोकात बुडाल्या. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात महापूर आला. त्या वेळी राज्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी सहाशेहून अधिक नावा, त्यांतल्या कित्येक मालमोटारींवर चढवून, आतल्या बुडालेल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसे बाहेर काढली. तिरुवनंतपुरमचे मच्छीमारही त्यांत होते. एक मच्छीमार तर पाण्यात ओणवा झाला, आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून स्त्रिया नावेत चढल्या. पाण्यात अडकलेल्याचे घर कोणाचे, देव कोणता, हे त्यांनी विचारले नाही. पाचव्या अध्यायात ज्ञान्याच्या समदृष्टीचे जे लक्षण सांगितले आहे, त्याचे याहून स्पष्ट आचरण कोणते असू शकेल? ज्यांच्या अंगणात आपण विसावा घेतो, ते प्रसंगी आपल्या अंगणात जीव वाचवावयास येतात. तेव्हा त्या अंगणाकडे केवळ देखावा म्हणून पाहणे शोभत नाही.

कोवळमच्या टेकाडावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे. तो १९७२ साली कार्यान्वित झाला. दिवसा पाहुणे वर चढून किनाऱ्याची शोभा पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण दीप लावला आहे तो त्यांच्यासाठी नव्हे. रात्री अंधाऱ्या पाण्यावर असणाऱ्या माणसांसाठी. दुसऱ्याच्या उपयोगासाठी उभारलेल्या वस्तूचा आनंद आपल्याला वाटेत मिळाला, एवढी जाणीव राहिली, तर मन आपोआप नम्र होते. तो आनंद मग प्रसादासारखा घेता येतो. मागावा लागत नाही आणि हिसकावाही लागत नाही.

समुद्रालाही त्याचा भाग द्यावा लागतो. केरळात १९८८ पासून पावसाळ्यातील काही आठवडे ट्रॉलरांना मासेमारीची बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. कोकणातील कोळीही पावसाळ्यात होडी शाकारून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून मगच ती पुन्हा पाण्यात लोटीत. घेणाऱ्याने काही काळ हात आवरावा, यातच देणे असते. मच्छीमार जो संयम पोटासाठी पाळतो, तो आपण चार दिवसांच्या सुखासाठी पाळू नये काय?

पाहुण्याचा धर्म अवघड नाही. जाळे ओढणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये. माणसाचे छायाचित्र त्याला विचारून घ्यावे. तो काही वस्तुसंग्रहालयातील मूर्ती नव्हे. किनाऱ्यावरील विहिरींत गोडे पाणी थोडे असते, ते घरच्याहून जपून वापरावे. गावातल्या लहान दुकानदाराशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. आणलेला कचरा परत न्यावा. मुलांना शंखशिंपले दाखविताना हे गाव कोणाचे, ते पहाटे केव्हा समुद्रावर जातात, हेही सांगावे. स्नान, भोजन आणि क्रीडा यांत असा विवेक राहिला, तर त्या चार दिवसांची गणना भोगात होणार नाही.

नद्या सतत येऊन मिळतात तरी समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही. शांत पुरुषाला गीतेने त्याचीच उपमा दिली आहे. त्या समुद्राच्या काठी जाऊन आपण मर्यादा सोडून परतावे, यापरता विपर्यास नाही. थोडे घ्यावे, घेतल्याचे स्मरण ठेवावे, आणि यजमानाचे अंगण आपण येण्यापूर्वी होते तसेच त्याच्या हाती ठेवून निघावे. गृहस्थाचा विहार युक्त होतो तो असा.